कर शून्य, माहिती ढीगभर

धर्मादाय संस्थांचं ऑडिट करणाऱ्या सीएकडे लोक अर्धी समाजसेविका म्हणून बघतात आणि फीसुद्धा त्याच हिशेबानं देतात. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातली वाचनालयं, शाळा, देवस्थानं, व्यायामशाळा आणि काही छोटी वस्तुसंग्रहालयं यांचे हिशेब बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. संग्रहालयं म्हटलं की डोळ्यांसमोर मुंबईची घुमटाची इमारत येते. १९२२ साली लोकांना खुलं झालेलं ते संग्रहालयही न्यासाच्याच कारभारावर चालतं, पण त्यांच्याकडे स्वतंत्र हिशेब विभाग आहे. माझ्याकडे येतात ती संग्रहालयं वेगळी. कुणा मास्तरांनी आयुष्यभर जमवलेली नाणी, दिवे, अडकित्ते, पोथ्या; त्यांच्यामागे घरच्यांनी आणि गावानं मिळून केलेला न्यास; नगरपालिकेनं दिलेल्या दोन खोल्या; आणि खजिनदार म्हणून बँकेतून निवृत्त झालेले एखादे काका.

२०२० नंतर आयकर कायद्यात या संस्थांसाठी इतके बदल झाले की ऑडिट करण्यापेक्षा ते समजावून सांगण्यात माझा वेळ जास्त जायला लागला. कार्यकारी मंडळाच्या बैठका, तालुक्याच्या ठिकाणी भरणारी शिबिरं, कधी नुसताच फोन. ते सांगता सांगता मला जे कळत गेलं ते इथे मांडते आहे. क्रम महत्त्वाचा नाही.

१. ‘आम्हाला कर भरायचा आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊ नये.

उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं आणि ते ऐकलं की सभागृहातला निम्मा जीव निघून जातो. मग पुढे काहीही सांगा, चहा येईपर्यंत लोक घड्याळ बघतात. म्हणून मी उलटीकडून सुरुवात करते. कर शून्य आहे, कारण तुम्ही सरकारला काही शब्द दिले आहेत. वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के संस्थेच्या उद्देशांवर खर्च कराल, उरलेले १५ टक्के बाजूला ठेवायला मोकळे. ८५ टक्के खर्च झाले नाहीत तर कशासाठी साठवताय ते ‘फॉर्म १०’मध्ये लिहून द्याल आणि जास्तीत जास्त ५ वर्षांत वापराल. हे शब्द पूर्वीही होतेच. फरक पडला तो विचारण्यात. पूर्वी ऑडिटचा अहवाल मोजक्या पानांत आटपायचा. फेब्रुवारी २०२३मध्ये तो नव्यानं आला आणि आता त्यात किती खर्च केला एवढंच विचारत नाहीत. कोणत्या पैशातून केला, रोख की बँकेतून, कुणाला दिला, त्यावर टीडीएस कापला का, देणारा-घेणारा विश्वस्तांच्या नात्यातला आहे का, असं सगळं विचारतात. ३१ मार्चनंतर मागे वळून ही माहिती गोळा करता येत नाही. ज्या दिवशी व्यवहार झाला त्याच दिवशी ती लिहावी लागते. माझ्या मते या सगळ्या बदलांचं सार एवढंच आहे. वर्षाखेरीला पिशवीतून बिलं आणून सीएच्या टेबलावर ओतायची पद्धत या कायद्यानं मोडीत काढली.

२. मार्चचं बिल आणि एप्रिलचा चेक.

एका संग्रहालयानं नाण्यांसाठी काचेची कपाटं करून घेतली. सुतारानं बिल मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दिलं, चेक गेला एप्रिलमध्ये. खजिनदारांनी शिरस्त्याप्रमाणे ते मार्चमध्येच खर्ची टाकलं. व्यापारी हिशेबात हे बरोबर आहे. पण २०२२च्या वित्त कायद्यापासून संस्थेचा खर्च ८५ टक्क्यांत धरायचा तो प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षात. म्हणजे ही कपाटं पुढच्या वर्षीची झाली आणि या वर्षीचा आकडा ८५च्या खाली घसरला. काका चिडले. “मॅडम, कपाटं तर मार्चमध्येच आली ना? फोटो आहेत!” फोटो होते, हे खरं.

त्याच पठडीतल्या आणखी दोन गोष्टी प्रत्येक बैठकीत सांगते. एका माणसाला एका दिवशी १०,००० रुपयांहून जास्त रोख दिले तर तो खर्च धरला जात नाही. टीडीएस कापायला हवा तिथे कापला नाही तर त्या रकमेचा ३० टक्के भाग बाद होतो. रंगकाम, विद्युत काम, वार्षिक कार्यक्रमाचा मंडप, असल्या ठिकाणी हे हमखास घडतं.

३. भिंतीवरचं प्रमाणपत्र आता कायमचं नाही.

पूर्वी ‘बारा-ए’ची नोंदणी एकदा मिळाली की जन्मभराची. संस्था ते पत्र फ्रेम करून संस्थापकांच्या फोटोशेजारी लावायच्या. २०२०च्या वित्त कायद्यानं ती पद्धत संपवली. सगळ्या जुन्या संस्थांनी पुन्हा अर्ज करायचा, नोंदणी ५ वर्षांची, नव्या संस्थेला आधी ३ वर्षांची तात्पुरती. हे १ जून २०२०पासून लागू व्हायचं होतं. कोविडमुळे १ ऑक्टोबर झालं, मग १ एप्रिल २०२१. त्यानंतर अर्जाची मुदत पुन्हा पुन्हा वाढत थेट ३० जून २०२४पर्यंत गेली.

या मुदतवाढींनी भलं केलं तसं नुकसानही केलं. विश्वस्तांना वाटायला लागलं की शेवटची तारीख ही सूचना असते, शेवट नसतो. पहिल्या फेरीत ज्यांना ५ वर्षांची नोंदणी मिळाली त्यांची मुदत ३१ मार्च २०२६ला संपणारी होती, आणि नूतनीकरणाचा अर्ज त्याच्या सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५पर्यंत करायचा होता. मुदत संपायच्या सहा महिने आधी, हे वाक्य मी प्रत्येक ठिकाणी दोनदा म्हणते, कारण पहिल्यांदा ऐकू येतं ते फक्त ‘मुदत संपायच्या’.

छोट्यांसाठी एक चांगला बदल २०२५मध्ये आला. अर्जाआधीच्या दोन्ही वर्षांत ज्यांचं उत्पन्न ५ कोटींच्या आत आहे त्यांना नोंदणी १० वर्षांची मिळते. आमची सगळीच संग्रहालयं त्यात बसतात. ५ कोटींचा आकडा ऐकून एका बैठकीत चांगलाच हशा पिकला होता. मात्र देणगीदारांना सवलत मिळवून देणारी ८०-जीची मान्यता ५ वर्षांचीच राहिली. म्हणजे एकाच संस्थेच्या दोन कागदांच्या दोन वेगळ्या तारखा. त्या दोन्ही, प्रमाणपत्राच्या फोटोसकट, अध्यक्षांच्या, चिटणीसांच्या आणि खजिनदारांच्या अशा तिन्ही मोबाइलमध्ये ठेवायला लावते. माणसं बदलतात, आजारी पडतात, मुलाकडे पुण्याला जाऊन राहतात.

४. ‘आमच्याकडून कोण काय नेणार?’ या वाक्याला उत्तर आहे, आणि ते संग्रहालयालाच सगळ्यात जास्त लागू पडतं.

नोंदणी गेली तर पुढच्या वर्षापासून कर भरावा लागेल, इतकंच बहुतेकांना वाटतं. खरी गोष्ट त्याहून जड आहे. आयकर कायद्यात २०१६ साली कलम ११५टीडी आलं. धर्मादाय संस्था धर्मादाय राहिली नाही तर तिच्या मालमत्तेची त्या दिवशीची बाजारभावानं किंमत काढायची, त्यातून देणी वजा करायची आणि उरलेल्या रकमेवर कमाल दरानं कर लावायचा. लोक त्याला एक्झिट टॅक्स म्हणतात. करसवलतीवर वाढलेली मालमत्ता कुणी गुपचूप खासगी करू नये, हा त्यामागचा हेतू, आणि तो योग्यच आहे. पण २०२३मध्ये यात एक भर पडली. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीत केला नाही, तरी हे कलम लागू होऊ शकतं.

आता संग्रहालयाचा विचार करा. वाचनालयाची मालमत्ता म्हणजे जुनी पुस्तकं आणि इमारत. संग्रहालयाच्या ताळेबंदात वस्तूंची किंमत बहुतेक वेळा शून्य किंवा नाममात्र एक रुपया असते, कारण त्या दानात आलेल्या. बाजारभाव काढायला बसलं तर एखादी कांस्यमूर्ती, एखादं सचित्र हस्तलिखित यांची किंमत संस्थेच्या कित्येक वर्षांच्या उत्पन्नापेक्षा जास्त निघेल. वर्षाला दीड-दोन लाखांत चालणाऱ्या संस्थेवर अशी करआकारणी झाली तर ती भरायला तिजोरीत पैसा नाही आणि वस्तू विकायच्या म्हटलं तर तो संग्रहालयाचा मृत्यू. उशीर माफ करण्याचा अधिकार ऑक्टोबर २०२४पासून आयुक्तांना मिळाला आहे, त्यामुळे परिस्थिती थोडी निवळली. तरी उशिराचं सबळ कारण आपणच द्यायचं असतं, आणि ‘सीएनं सांगितलं नाही’ हे कारण मी कुठल्याही संस्थेला वापरू देणार नाही, म्हणून ही गोष्ट सगळ्यात मोठ्या आवाजात सांगते.

लोकांना घाबरवून शिकवणं मला आवडत नाही. पण या एका मुद्द्यावर सभागृहात जी शांतता पसरते ती उपयोगाची असते. त्यानंतर माणसं लिहून घ्यायला लागतात.

५. वस्तू दिली तर ८०-जी नाही.

हा प्रसंग सगळीकडे सारखाच घडतो. वाडा विकायला काढलेलं एखादं कुटुंब आजोबांची पगडी, तलवार, पोथ्यांचं बाड घेऊन येतं. भावना खरी असते. वस्तू टेबलावर मांडून झाल्या, चहा झाला, की घरातला कुणी जावई हळूच विचारतो, “पावतीवर पाच लाख लिहाल का? टॅक्सला लागेल.” कलम ८०-जीची वजावट फक्त पैशाच्या देणगीला आहे. वस्तू, जमीन, धान्य, सोनं यांना नाही. संग्रहालयानं किंमत लिहून पावती दिली तरी त्या जावयाला काही मिळत नाही; उलट संस्थेनं आपल्या सहीनं एक खोटा कागद तयार करून ठेवलेला असतो.

आम्ही आता एक ठरावीक पत्र करून घेतलं आहे. वस्तूचं वर्णन, मापं, फोटो, कुणी दिली, कधी दिली, विनामूल्य व कायमची दिली असा स्पष्ट उल्लेख, दोघांच्या सह्या. किमतीचा रकानाच नाही. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल, हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांहून, तर १९७२च्या पुरावशेष कायद्याचा प्रश्न येतो. घरच्यांनी ती पुरातत्त्व खात्याकडे नोंदवली होती का, हे त्याच बैठकीत विचारायचं. नंतर विचारलं की लोकांना ती चौकशी वाटते.

याच निमित्तानं वस्तूंची नोंदवही उघडली जाते आणि तिथे बहुधा धक्का बसतो. मी अशी संस्था पाहिली आहे जिथे शिवराई नाणी आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकाच डेडस्टॉक रजिस्टरात, एकाखाली एक होत्या. संग्रहाची नोंदवही वेगळी हवी, प्रत्येक वस्तूला क्रमांक हवा. कलेच्या अभ्यासकांनी हे वर्षानुवर्षं सांगितलं, कुणी ऐकलं नाही. आयकर खात्याचं नाव घेतल्यावर ऐकलं.

६. देवळाची पेटी आणि संग्रहालयाची पेटी.

“मंदिराच्या पेटीत कोण टाकतो ते कुणी विचारत नाही, मग आम्हालाच का?” हा आक्षेप रास्त वाटतो. पण कायद्यात फरक आहे. ज्याचं नाव-पत्ता माहीत नाही अशी देणगी म्हणजे निनावी देणगी. निव्वळ धार्मिक न्यासांना त्यावर कर नाही. धर्मादाय संस्थेला मात्र १ लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यातली जी रक्कम मोठी असेल तिच्यापुढच्या निनावी देणगीवर ३० टक्के कर आहे. छोट्या संग्रहालयाची पेटी एरवी लाखापर्यंत कुठली जायला! जाते ती शताब्दीच्या वर्षी, किंवा एखादं प्रदर्शन गाजलं की. पेटी दोन जणांसमोर उघडावी, रक्कम कागदावर लिहून सह्या कराव्यात, दुसऱ्या दिवशी बँकेत भरावी.

तिकिटाचे पैसे आणि पेटीचे पैसे मिसळू नयेत. तिकीट ही देणगी नव्हे. संग्रहालयाच्या प्रवेशावर जीएसटीही नाही. पण बाहेर पोस्टकार्डं, प्रतिकृती, पुस्तकं विकत असाल तर तो व्यवसाय, त्याची वही वेगळी. ऐतिहासिक व कलात्मक वस्तूंचं जतन हा २००९पासून धर्मादाय उद्देशांच्या व्याख्येत स्वतंत्रपणे लिहिलेला उद्देश आहे. त्यामुळे ‘सर्वसाधारण लोकोपयोगी’ संस्थांना असलेली व्यवसायाच्या उत्पन्नाची २० टक्क्यांची मर्यादा संग्रहालयाला थेट लागू होत नाही. हे बऱ्याच विश्वस्तांना ठाऊक नसतं आणि ते विनाकारण दुकान बंद ठेवतात.

७. नावाची पाटी.

दालनाला देणगीदाराचं नाव दिलं तर जीएसटी लागतो का? नुसती कृतज्ञता म्हणून नाव लावलं, जाहिरात केली नाही, तर नाही. २०१९मध्ये याचं परिपत्रक निघालं. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ चालतं. त्याखाली दुकानाचा पत्ता आणि ‘लग्नबस्त्याचे खास दालन’ आलं की प्रश्न उभा राहतो. एका सराफानं आग्रह धरला होता. त्यांना मी म्हटलं, पाटी मोठी करू, मजकूर लहान ठेवू. मानलं त्यांनी.

८. पावती पुस्तक पुरत नाही.

विश्वस्तांना सगळ्यात जड गेलेला बदल हाच. २०२१-२२च्या देणग्यांपासून संस्थेनं प्रत्येक देणगीदाराची यादी ‘फॉर्म १०बीडी’मध्ये ३१ मेपर्यंत पोर्टलवर भरायची. तिथून प्रत्येकाचं ‘१०बीई’ प्रमाणपत्र निघतं, आणि देणगीदाराला वजावट मिळते ती त्यावर. हातानं लिहिलेली सुबक पावती, त्यावरचा शिक्का, संस्थापकांचा फोटो, सगळं राहतं, पण सवलतीच्या कामाचं नाही. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, आणि त्याशिवाय १०,००० ते १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

यादीत पॅन किंवा आधार लागतं. आता ५०१ रुपये देणाऱ्या आजीकडे पॅन मागायचं कसं, हा हिशेबाचा प्रश्न नाही, संकोचाचा आहे. आमच्याकडे माणसं देणगी देताना हात जोडतात. त्याच क्षणी त्यांच्यापुढे अर्ज सरकवणं उद्धटपणा वाटतो. म्हणून पावती पुस्तकातच पॅनची चौकट छापून घेतली. शाई-पेन देऊन “इथे नंबर लिहिलात तर मेनंतर प्रमाणपत्र पाठवू” एवढंच म्हणायचं. जिला सवलत नको ती चौकट रिकामी ठेवते.

क्यूआर कोडनं नवीन घोळ घातला. दारात लावलेल्या कोडवर पैसे पटकन जमा होतात, बँकेत नावही दिसतं, पण पॅन दिसत नाही. आणि नाव तरी कसलं, ‘आर एस पाटील’. आपल्या जिल्ह्यात असे किती असतील! कोडच्या खालीच एक मोबाइल क्रमांक आणि ‘पॅन इथे कळवा’ ही ओळ लावली की निम्मं काम होतं.

दोन गोष्टी देणगीदारांनाही सांगाव्या लागतात. २,००० रुपयांपुढच्या रोख देणगीला वजावट नाही. आणि ज्यांनी आयकराची नवी व्यवस्था स्वीकारली आहे त्यांना ८०-जीची वजावट मुळातच मिळत नाही. २०२३-२४पासून नवी व्यवस्था आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर निवडावी लागते. त्यामुळे ‘ऐंशी-जी आहे का?’ हे विचारणारे नोकरदार अलीकडे कमी झाल्याचं मला जाणवतं. देणगी मागण्याचं आमंत्रण ‘करसवलत’ या शब्दानं सुरू करणाऱ्या संस्थांनी आता मजकूर बदलायला हवा.

९. पतसंस्थेतली ठेव.

इथे मी जरा थांबणार आहे, कारण आपल्या भागात हे दुखणं घरोघरी आहे. कायम निधीची रक्कम गावच्या पतसंस्थेत ठेवायची. व्याज एखाद टक्का जास्त, चेअरमन ओळखीचे, कित्येकदा तेच संग्रहालयाचे उपाध्यक्ष. धर्मादाय संस्थेनं पैसा कुठे ठेवायचा याची यादी कलम ११(५)मध्ये आहे: टपाल खातं, शेड्युल्ड बँक, बँकिंग करणारी सहकारी बँक, सरकारी रोखे वगैरे. पतसंस्थेकडे बँकिंगचा परवाना नसतो. ती त्या यादीत बसत नाही. जिल्ह्याची किंवा नागरी सहकारी बँक चालते, पतसंस्था नाही.

२०२१पासून कायम निधीबद्दलचे नियमही कडक झाले. देणगीदारानं ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असं लेखी द्यायला हवं आणि ती रक्कम कलम ११(५)मधल्याच गुंतवणुकीत, निराळी ओळखता येईल अशी ठेवायला हवी. कायम निधीतून खर्च केला तर तो ८५ टक्क्यांत धरत नाहीत. नंतर उत्पन्नातून ती रक्कम निधीत परत भरली तर परत भरलेल्या वर्षी धरतात, तेही ५ वर्षांच्या आत भरली तरच. छप्पर गळायला लागलं की कायम निधीला हात घालायचा, ही सवय मोडणं अवघड आहे; पावसाळा काही वित्त कायदा बघून येत नाही.

हे बैठकीत सांगायचं म्हणजे समोर बसलेल्या उपाध्यक्षांना दुखवायचं. मी त्यांना आधी घरी जाऊन भेटते. “अण्णा, मुदत संपली की रक्कम हलवू या, आत्ता मोडायला नको,” एवढं आधी बोललं की बैठकीत ठराव तेच मांडतात.

१०. अमेरिकेतला भाचा.

मराठी माणूस परदेशी गेला की गावच्या संस्थेला आठवणीनं पैसे पाठवतो. तो भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून देत असेल तर ती विदेशी देणगी नव्हे. त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र, ओसीआय कार्ड असलं तरी, इथल्या खात्यातून रुपयांत दिली तरीही, ती विदेशी देणगी ठरते. त्यासाठी विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरएची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि रक्कम आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. अशी देणगी आली की ऑडिटचा फॉर्मही बदलतो: एरवीचा ‘१०बीबी’ जाऊन मोठा ‘१०बी’ येतो. म्हणून ‘तुझा पासपोर्ट कुठला?’ हा प्रश्न पैसे आल्यावर नाही, आधी विचारायचा.

११. धर्मादाय कार्यालयातले दिवंगत विश्वस्त.

आयकराचं पोर्टल जिवंत माणूस मागतं, ज्याचा पॅन चालू आहे, ज्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो. आणि १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालच्या परिशिष्ट एकवर, म्हणजे संस्थेच्या नोंदीवर, अजून संस्थापकांच्या पिढीची नावं असतात. विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो दिला जात नाही, दिला तर वर्षानुवर्षं प्रलंबित राहतो. मग आयकराकडे एक यादी, धर्मादायकडे दुसरी, बँकेत तिसरी. नूतनीकरणाच्या वेळी हे तिन्ही कागद शेजारी ठेवले जातात. आधी धर्मादाय कार्यालयातलं काम उरकावं. आयकराचं त्यामानानं सोपं आहे, हे वाक्य माझ्या तोंडून निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

१२. नव्या कायद्याचा बाऊ नको.

१ एप्रिल २०२६ ही आयकर अधिनियम, २०२५ लागू होण्याची तारीख. त्यात आपल्यासारख्यांना ‘नोंदणीकृत ना-नफा संस्था’ म्हटलं आहे, विखुरलेली कलमं एका प्रकरणात आणली आहेत आणि ‘आकारणी वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आलं आहे. २०२५-२६चं विवरणपत्र जुन्याच कायद्याखाली. कलमांचे क्रमांक बदलले (वर दिलेले जुन्या कायद्यातले आहेत), पण ८५ टक्के, देणगीदारांची यादी, ठेवी कुठे ठेवायच्या, हे तसंच आहे. क्रमांक पाठ करणं माझं काम, विश्वस्तांचं नाही.

१३. हा कायदा कुणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला?

माझं स्पष्ट मत आहे की तो मोठ्या संस्थांतले गैरप्रकार बघून लिहिला आणि लागू झाला सगळ्यांना. खोट्या पावत्या विकणाऱ्या संस्था होत्या, आहेत. १०बीडीनं त्यांना चाप बसला असेल तर चांगलंच झालं. पण सवलतीआधीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या पुढे गेलं की आयकराचं ऑडिट आलं, आणि तिथून ५ कोटींपर्यंत सगळ्यांना एकच फॉर्म. वर्षाला काही लाखांत चालणारं खेड्यातलं संग्रहालय आणि चार कोटींचं शैक्षणिक संकुल एकाच रांगेत. वीस-पंचवीस लाखांच्या आतल्या संस्थांसाठी दोन पानांचा वेगळा फॉर्म करायला काहीच हरकत नसावी. व्यावसायिकांच्या प्रत्येक चर्चासत्रात मी हे बोलते, टाळ्या पडतात आणि विषय तिथेच संपतो.

तोवर काम कुणीतरी करायचं आहे. या संस्थांना वस्तू भरपूर मिळतात, हार-तुरे मिळतात, अधूनमधून निधीही मिळतो. मिळत नाही तो नियमित बसणारा, लॉगिन करणारा, व्यवहार झाला त्या दिवशी नोंद करणारा माणूस. तुम्ही बँकेतून, कोषागारातून, शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झाला असाल, किंवा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असाल, तर तुमच्या गावच्या संग्रहालयात जा आणि खजिनदारांना सांगा की आठवड्याचे दोन तास मी येईन. ते नाही म्हणणार नाहीत.